सायको-पास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सायको-पास’ या जपानी अॅनिमे मालिकेविषयी प्रेक्षकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. मालिका अजून पाहिली नसेल, तर पहिले दहा प्रश्न निर्धास्तपणे वाचावेत. अकराव्या प्रश्नापासून कथानकातील मोठे उलगडे येतात आणि ते आधी कळले तर पहिल्या पर्वाची निम्मी ताकद हरवते, म्हणून पुढचे प्रश्न मालिका पाहून झाल्यावरच वाचावेत.

१. ही मालिका नेमकी कशाबद्दल आहे?

कथा सन २११२ मधल्या टोकियोत सुरू होते. त्या जपानमध्ये सिबिल नावाची यंत्रणा प्रत्येक नागरिकाच्या मनाची अवस्था अखंड मोजत असते. कोणी काय शिकावे, कोणती नोकरी धरावी आणि समाजात मोकळे फिरण्यास कोण योग्य आहे, हे सारे त्या मोजमापावरून ठरते. मनाच्या या मोजमापालाच ‘सायको-पास’ म्हणतात. नायिका अकाने त्सुनेमोरी सार्वजनिक सुरक्षा विभागाच्या गुन्हे अन्वेषण शाखेत इन्स्पेक्टर म्हणून नुकतीच रुजू झाली आहे. ज्या व्यवस्थेने तिची निवड केली तिच्यावर तिचा विश्वास आहे, आणि हा विश्वास एकेका प्रकरणात तपासला जातो. वरवर ही पोलीसकथा आहे, पण तिचा खरा प्रश्न असा आहे की योग्य-अयोग्य ठरवण्याचे काम माणसाने एकदा दुसऱ्याच्या हाती सोपवले, की त्याच्यापाशी उरते काय.

२. मालिका कोणी आणि केव्हा तयार केली?

पहिले पर्व प्रॉडक्शन आय.जी. या स्टुडिओने तयार केले. ते ऑक्टोबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात फुजी टीव्हीच्या ‘नोइतामिना’ या रात्री उशिराच्या सत्रात प्रसारित झाले आणि त्याचे २२ भाग आहेत. कथा-पटकथेची मुख्य जबाबदारी गेन उरोबुची यांची होती. नाओयोशी शिओतानी दिग्दर्शक होते आणि कात्सुयुकी मोतोहिरो मुख्य दिग्दर्शक होते. मोतोहिरो यांचे नाव जपानमध्ये पोलिसांवरील ‘ओदोरू दाइसोसासेन’ या गाजलेल्या मालिकेशी जोडलेले आहे, त्यामुळे ठाण्यातील वरिष्ठ-कनिष्ठांचे ताण इथे इतके खरे का वाटतात, हे समजते. पात्रांची मूळ रेखाटने अकिरा आमानो यांची आणि संगीत युगो कान्नो यांचे आहे. दुसऱ्या पर्वाचे अॅनिमेशन तात्सुनोको प्रॉडक्शनने केले. त्या पर्वात उरोबुची लेखक नव्हते आणि कथारचनेची सूत्रे तो उबुकाता यांच्याकडे गेली. दोन्ही पर्वांचा पोत वेगळा जाणवतो त्यामागे हे मोठे कारण आहे.

३. हिला सायबरपंक का म्हणतात?

अंधारे पावसाळी शहर, यंत्राशी जोडलेली शरीरे आणि तंत्रज्ञानाखाली दबलेला माणूस ही सायबरपंकची ओळखीची लक्षणे इथे आहेतच. या प्रकारच्या कथांत सत्ता बहुधा बड्या कंपन्यांच्या हाती असते. इथे मात्र ती सरकारच्या कल्याण मंत्रालयाकडे आहे आणि पोलीसही त्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. एवढ्या एका तपशिलात मालिकेचे सारे राजकारण सामावले आहे, कारण गुन्हा हा आजार मानला की त्याची लक्षणे आधीच शोधता येतात, संशयिताला रुग्ण म्हणून बंद करता येते आणि रुग्णाला वकील लागत नाही. शहरही वरून गोजिरवाणे दिसते. घरांच्या भिंती, अंगावरचे कपडे, इतकेच काय पण पोलिसांचे ड्रोनसुद्धा होलोग्रामच्या गोड आवरणाखाली वावरतात.

४. कोणत्या क्रमाने पाहावी?

प्रदर्शनाच्या क्रमाने पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिले पर्व (२०१२-१३), दुसरे पर्व (२०१४, ११ भाग), जानेवारी २०१५ चा पहिला चित्रपट, २०१९ च्या आरंभीचे ‘सिनर्स ऑफ द सिस्टम’ या नावाचे तीन लघुचित्रपट, २०१९ च्या अखेरीचे तिसरे पर्व (८ दीर्घ भाग), त्याचा शेवट सांगणारा ‘फर्स्ट इन्स्पेक्टर’ (२०२०) आणि मग मे २०२३ मध्ये आलेला ‘प्रॉव्हिडन्स’ हा चित्रपट, असा हा क्रम आहे. ‘प्रॉव्हिडन्स’ची कथा तिसऱ्या पर्वाच्या आधी घडते, म्हणून काही जण तो आधी पाहण्याचा सल्ला देतात. परंतु तिसरे पर्व एक गोष्ट मुद्दाम झाकून ठेवते (प्रश्न २० पाहा), आणि ती शोधत राहण्याचा ताण अनुभवायचा असेल तर तो चित्रपट शेवटीच पाहायला हवा. पहिल्या पर्वाची २०१४ मध्ये प्रत्येकी तासाभराच्या ११ भागांत नव्याने संकलित केलेली आवृत्तीही आहे. मूळ २२ भाग पाहिले असतील तर ती वेगळी पाहण्याची गरज नाही.

वेळ मोजकाच असेल तर फक्त पहिले पर्व पाहावे. ते स्वयंपूर्ण आहे.

५. लहान मुलांना दाखवता येईल का?

नाही. अॅनिमे म्हणजे मुलांचे कार्यक्रम, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे आणि याच मालिकेच्या बाबतीत ती घातक ठरेल. पहिल्याच भागात एका स्त्रीचे अपहरण आणि तिच्यावरील अत्याचार आहेत. पुढे मृतदेहांची कलाकृतीसारखी मांडणी आहे आणि पोलिसांच्या शस्त्राने माणसाचे शरीर अक्षरशः फुटताना दिसते. जपानमध्येही याबाबत संवेदनशीलता दाखवली गेली आहे. जुलै २०१४ मध्ये सासेबो शहरात एका शाळकरी मुलीची हत्या झाली, तेव्हा नव्याने संकलित आवृत्तीतील शाळेतील हत्यांचा भाग दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आला नाही. महाविद्यालयीन वयाच्या पुढील प्रेक्षकांसाठीच ही मालिका आहे, असे धरून चालावे.

६. ‘रंगछटा’ आणि ‘गुन्हेगारी गुणांक’ यांत फरक काय?

दोन्ही सायको-पासचेच भाग आहेत, मात्र त्यांचे उपयोग वेगळे आहेत. रंगछटा मनावरील ताणाचे चित्र दाखवते. मन निवांत असेल तर छटा फिकट आणि स्वच्छ राहते, ताण वाढला की ती गडद आणि गढूळ होत जाते. लोक रोज सकाळी आपली छटा पाहतात, गढूळ दिसली तर गोळ्या घेतात किंवा समुपदेशकाकडे जातात. गुन्हेगारी गुणांक हा आकडा आहे आणि ती व्यक्ती गुन्हा करण्याची शक्यता किती, हे तो सांगतो. रस्त्यावरचे स्कॅनर सर्वसाधारणपणे छटा टिपतात, गुणांक नेमकेपणाने मोजण्याचे काम पोलिसांच्या शस्त्राकडे असते (प्रश्न ७). छटा दुःखानेही गढूळ होते, भीतीनेही आणि रागानेही. जिच्यावर अत्याचार झाला तिची छटा अत्याचार करणाऱ्याइतकीच काळी होऊ शकते. यंत्राला त्या काळेपणामागचे कारण दिसत नाही, आणि मालिकेतील पहिली नैतिक ठेच इथेच लागते.

७. डॉमिनेटर हे शस्त्र कसे चालते?

डॉमिनेटर हे पिस्तुलासारखे दिसणारे उपकरण आहे आणि ते सतत सिबिलशी जोडलेले असते. ते हातात घेतले की आधी वापरणारा अधिकृत आहे का हे तपासले जाते, मग समोरच्यावर रोखताच त्याचा गुणांक वाचला जातो. गुणांक १०० च्या खाली असेल तर चाप बंदच राहतो. १०० ते ३०० च्या दरम्यान असेल तर शस्त्र माणसाला बधिर करून पाडते. ३०० च्या वर गेला की शस्त्राचा आकार बदलतो आणि ते मारकच होते. निर्जीव धोक्यांसाठी, उदाहरणार्थ हल्ला करणाऱ्या ड्रोनसाठी, सर्व काही नष्ट करणारी तिसरी अवस्था आहे. शस्त्राच्या सूचना फक्त धरणाऱ्यालाच ऐकू येतात आणि त्या स्वच्छ, थंड स्त्रीस्वराला नोरिको हिदाका यांनी आवाज दिला आहे.

चाप ओढणे एवढेच पोलिसाच्या हाती असते, कोणाला कोणती शिक्षा हे शस्त्र ठरवते. तरीही न ओढण्याचा निर्णय माणसाकडेच उरतो, आणि अकाने पहिल्या रात्रीपासून त्या उरलेल्या जागेला घट्ट धरून ठेवते.

८. इन्स्पेक्टर आणि एन्फोर्सर यांच्यात काय फरक आहे?

इन्स्पेक्टर हे स्वच्छ छटेचे, नियमित सेवेतील अधिकारी असतात. एन्फोर्सर हे स्वतः सुप्त गुन्हेगार (प्रश्न ९) म्हणून नोंदलेले असतात. गुन्हेगाराच्या मनात शिरण्याचे धोकादायक काम त्यांच्याकडून करून घेतले जाते, म्हणजे इन्स्पेक्टरांची छटा गढूळ होत नाही. एन्फोर्सरला इन्स्पेक्टरच्या सोबतीशिवाय मोकळे हिंडता येत नाही आणि तो हाताबाहेर गेला तर त्याच्यावर डॉमिनेटर रोखणे हे इन्स्पेक्टरचे कर्तव्य असते. शिन्या कोगामी पूर्वी इन्स्पेक्टर होता. सहकाऱ्याच्या हत्येचा तपास करता करता त्याचा गुणांक वाढत गेला आणि तो एन्फोर्सर झाला. तोमोमी मासाओका सिबिल येण्यापूर्वीच्या काळातील डिटेक्टिव्ह आहे. अनुभवाने आलेला अंदाज आणि संशयिताशी बोलण्याची हातोटी ही एकेकाळी पोलिसाची गुणवत्ता होती, नव्या व्यवस्थेत त्याच गोष्टी रोगाचे लक्षण ठरल्या. या पात्राकडे अनेकांचे दुर्लक्ष होते, ते होऊ नये.

९. गुन्हा न करताच शिक्षा होते, हे बरोबर आहे का?

होय, मालिकेतील व्यवस्था अशीच चालते. गुणांक मर्यादेबाहेर गेला आणि उपचाराने खाली आला नाही, की माणूस ‘सुप्त गुन्हेगार’ ठरतो आणि त्याला कोंडले जाते. त्यासाठी त्याने काही केलेले असावे लागत नाही. एन्फोर्सर शुसेई कागारी वयाच्या पाचव्या वर्षी झालेल्या तपासणीत असा ठरला आणि त्याचे सारे बालपण कोठडीत गेले. तो थट्टेखोर आहे, स्वयंपाकात रमतो, आणि त्याच्या तोंडून ही हकिकत सहज आल्यासारखी येते म्हणूनच ती अधिक बोचते.

पहिल्या भागातील प्रसंगही याच प्रश्नाचा आहे. अपहृत स्त्रीची सुटका होते, परंतु भयाने तिचा गुणांक मारक पातळीवर पोहोचतो आणि कोगामी तिच्यावर शस्त्र रोखतो. तेव्हा अकाने त्या स्त्रीवर गोळी झाडत नाही, ती कोगामीलाच बधिर करून पाडते आणि बोलून, समजावून त्या स्त्रीचा गुणांक खाली आणते. आकडा बदलू शकतो, माणूस निवळू शकतो, हे ती पहिल्याच दिवशी सिद्ध करते.

१०. मग लोक हे सहन का करतात? कोणीच विरोध कसा करत नाही?

कारण बहुसंख्यांना ते जाचक वाटतच नाही. मालिकेतील बाकीचे जग यादवी आणि अराजकाने उद्ध्वस्त झालेले आहे, जपानमध्ये मात्र अन्न आहे, काम आहे, रस्ते सुरक्षित आहेत. आपल्याला काय जमेल हे सिबिल सांगते, त्यामुळे अपयशाची भीती नाही आणि निवड चुकल्याचा पश्चात्तापही नाही. दारांना कुलपे लावण्याची सवयसुद्धा मोडली आहे. अशा समाजात विरोध करणाऱ्याला पाठिंबा सोडाच, त्याचे म्हणणे समजून घेणाराही भेटत नाही.

या सुखाची किंमत मालिका एका आजाराच्या रूपाने दाखवते. मनावर कोणताच ताण न राहिल्यामुळे काही माणसांची जगण्याची इच्छाच विझते, ती हळूहळू निश्चल होतात आणि मरतात. रिकाको ओर्यो या शाळकरी मुलीचे चित्रकार वडील असेच जातात. ज्या अस्वस्थतेला ते चित्रांतून वाचा फोडत होते, ती अस्वस्थताच समाजातून काढून टाकली गेली होती. आवश्यक तेवढा ताण माणसाला उभे ठेवतो, हा विचार पुढे प्रश्न १४ मध्ये पुन्हा येतो.

११. शोगो माकिशिमावर डॉमिनेटर का चालत नाही?

माकिशिमा हा पहिल्या पर्वाचा खलनायक आहे, पण यंत्रणेला तो गुन्हेगार दिसतच नाही. अशा व्यक्तींना मालिकेत ‘लक्षणविरहित’ म्हटले आहे. खून करताना किंवा करवताना त्यांच्या मनात खळबळ होत नाही, त्यामुळे गुणांक वाढत नाही. अकराव्या भागात माकिशिमा अकानेच्या मैत्रिणीला, युकी फुनाहाराला, तिच्या डोळ्यांदेखत ओलीस धरतो. अकाने डॉमिनेटर रोखते, पण आकडा चढण्याऐवजी उतरत शून्यापर्यंत जातो आणि चाप बंद राहतो. माकिशिमाने तिच्यासमोर साधी जुनी बंदूक टाकलेली असते. तिने ती उचलून निर्णय घ्यावा असे तो सुचवतो. ती गोळी झाडते, पण ती लागत नाही, आणि युकी मरते.

मालिकेतील हा सर्वात निर्दय प्रसंग आहे आणि तो अनाठायी नाही. आयुष्यभर यंत्राच्या निवाड्यावर विसंबलेल्या माणसाला ऐन वेळी स्वतःचा निवाडा करता येत नाही, हे तिथे सोसून कळते.

१२. हेल्मेट घातलेले लोक भररस्त्यात गुन्हे करतात आणि बघे नुसते उभे राहतात. हे पटत नाही.

हेल्मेटचे तंत्र सोपे आहे. ते आसपासच्या लोकांचा सायको-पास वाचून घालणाऱ्याचा म्हणून दाखवते, त्यामुळे भोवती शांत माणसे असतील तर मारेकरीही शांतच नोंदला जातो. चौदाव्या भागात भर वस्तीत एका स्त्रीला हातोडीने ठार मारले जाते आणि लोक पाहत राहतात. त्यांना क्रूर समजणे चुकीचे ठरेल. धोका असेल तर यंत्र आवाज करते, एवढेच त्यांना ठाऊक आहे. यंत्र गप्प आहे म्हणजे धोका नाही, असा त्यांचा हिशेब आहे आणि समोर जे चालले आहे त्याला काय म्हणायचे हेच त्यांना कळत नाही.

पुढच्या भागात दंगल उसळते, तेव्हा उलटे घडते. स्वतःचा बचाव करण्यासाठी हात उचलणाऱ्या साध्या नागरिकांचे गुणांक वाढतात आणि पोलिसांना त्यांच्यावरच शस्त्रे रोखावी लागतात.

१३. सिबिल म्हणजे खरोखर काय आहे?

सिबिल हा संगणक नाही. नोना टॉवरच्या तळघरात २४७ मानवी मेंदू एकत्र जोडलेले आहेत आणि ते आळीपाळीने समाजाचा निवाडा करतात. हे मेंदू मुख्यतः लक्षणविरहित गुन्हेगारांचे आहेत. ज्यांना यंत्रणा मोजू शकत नाही त्यांना यंत्रणेतच सामावून घेतले जाते, म्हणून माकिशिमालाही आमंत्रण मिळते आणि तो ते धुडकावतो. सार्वजनिक सुरक्षा विभागाच्या प्रमुख कासेई या प्रत्यक्षात एक यांत्रिक देह असून त्यातून वेगवेगळे मेंदू बोलतात. कागारी हे रहस्य पाहतो आणि त्याच रात्री मारला जातो. सहकाऱ्यांना मात्र तो पळून गेला, असेच सांगितले जाते.

सामान्य सहानुभूती नसलेल्यांचा निवाडा निःपक्षपाती असतो, असा सिबिलचा स्वतःविषयीचा दावा आहे. मालिका तो फेटाळण्याची घाई करत नाही आणि निर्णय प्रेक्षकावर सोडते.

१४. सत्य कळल्यावरही अकाने सिबिल उद्ध्वस्त का करत नाही?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि बहुतेकदा रागाने विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

अकानेला सिबिलचा तिटकारा आहे, हे ती यंत्रणेच्या तोंडावर सांगते. पण तिच्या समोर दोनच वाटा आहेत असे मानणे ही चूक आहे. सिबिल आजच्या आज बंद पडली तर काय होईल, ते हेल्मेटच्या दंगलीत तिने पाहिलेले असते. कुलूप लावणे विसरलेला, शेजाऱ्याचा राग ओळखता न येणारा हा समाज एका रात्रीत कोसळेल आणि त्यात मरतील ती माणसे यंत्रणेची नव्हेत, तिच्या आजीसारखी साधी माणसे असतील. सिबिल हे जाणते आणि त्याच बळावर तिच्याशी सौदा करते.

त्यावर अकानेचे उत्तर कायद्याविषयी आहे. कायदा माणसांचे रक्षण करतो असे आपण म्हणतो, परंतु तिच्या मते माणसे कायद्याचे रक्षण करत आली आहेत. अन्यायाची चीड आली म्हणून, अधिक चांगले जगता यावे म्हणून असंख्य माणसांनी पिढ्यानपिढ्या जे जमवले त्याला ती कायदा म्हणते. यंत्रणेतील सूत्र म्हणजे तो कायदा नव्हे आणि शस्त्राचा चाप म्हणजेही नव्हे. तो नाजूक आहे, म्हणूनच जपावा लागतो. सिबिलकडे नेमके हेच नाही, कारण तिच्या निवाड्यात कोणाची धडपड साठलेली नसते. एक दिवस कोणीतरी या खोलीत येऊन वीज तोडेल, असे अकाने यंत्रणेला बजावते. आपण स्वतः ते करू, असे मात्र ती म्हणत नाही. निर्णय घेण्याची सवय समाजाला परत लागेपर्यंत थांबणे, आणि थांबताना स्वतःची ती सवय मोडू न देणे, हा तिचा मार्ग आहे.

हा मार्ग अपुरा वाटू शकतो. मला मात्र मालिकेतील सर्वात धीराची कृती तीच वाटते, कारण सत्य जाणून रोज कामावर जाणे हे यंत्र फोडण्यापेक्षा अवघड आहे.

१५. मग माकिशिमाच खरा नायक नाही का? तो तर स्वातंत्र्याची बाजू घेतो.

तो स्वातंत्र्याविषयी उत्तम बोलतो. स्वतःच्या इच्छेने वागणाऱ्या माणसालाच मोल आहे, हे त्याचे म्हणणे सिबिलवरील अचूक टीका आहे. परंतु युकीला इच्छा नव्हती का? हातोडीखाली मेलेल्या स्त्रीला नव्हती का? तो इतरांना कसोटीला लावतो आणि कसोटीचे नियम स्वतःच ठरवतो. पर्वाच्या शेवटी तो होकुरिकू भागातील यंत्रशेतीत विषाणू पसरवून देशाचा अन्नपुरवठाच कोसळवण्याचा बेत आखतो. माणसे भुकेने जागी होतील ही त्याची कल्पना माणसांविषयीची तुच्छताच आहे, आणि त्या तुच्छतेत तो सिबिलच्या फार जवळ जातो. यंत्रणेने त्याला आपल्यात घ्यायचे ठरवले ते उगाच नव्हे.

१६. कोगामीने माकिशिमाला मारले, ते योग्य होते का?

मालिका कोगामीला समजून घेते, पण त्याला निर्दोष ठरवत नाही. कायद्याने माकिशिमाला शिक्षा होणे शक्य नाही असे त्याला दिसते, म्हणून तो पोलीसदल सोडून मासाओकाचे जुने रिव्हॉल्व्हर घेतो. अकाने त्याला शेवटपर्यंत अडवते, कारण ते खून ठरेल. तो चाप ओढतो आणि देशाबाहेर पळतो. दोघांनाही सिबिलचा निवाडा अमान्य आहे. त्याने तिच्या जागी स्वतःचा निवाडा ठेवला, अकाने तिथे सर्वांचा कायदा ठेवू पाहते. पुढच्या साऱ्या पर्वांत या दोघांमधील अंतर याच प्रसंगाने आखलेले आहे.

१७. दुसऱ्या पर्वातील खलनायक किरितो कामुईला स्कॅनर का ओळखत नाहीत? तोही लक्षणविरहित आहे का?

नाही, त्याचा अपवाद वेगळा आहे. विमान अपघातात मरण पावलेल्या १८४ मुलांच्या अवयवांपासून कामुईचे शरीर जोडलेले आहे. यंत्रणा एका वेळी एकाच व्यक्तीला मोजते, आणि कामुई एक व्यक्ती आहे की अनेक, हे तिला ठरवता येत नसल्याने तो तिच्या लेखी अस्तित्वातच नसतो. म्हणून तो तिला विचारतो, की तूही अनेक मेंदूंची बनलेली आहेस, तर तुझा रंग कोणता?

कामुईचा निवाडा करायचा तर समूहाचा गुणांक मोजता आला पाहिजे, आणि तसे झाले तर सिबिललाही स्वतःला मोजावे लागेल. अखेर ती ते स्वीकारते, स्वतःमधील गुणांक वाढवणारे मेंदू काढून टाकते, आणि मग कामुई दिसू लागतो व मारला जातो. यातला धोका अकाने लगेच ओळखते. समूहाचा गुणांक मोजता येऊ लागला, की वैयक्तिक छटा स्वच्छ असलेल्या माणसालाही केवळ समूहामुळे दोषी ठरवता येईल. रक्तपाताच्या अतिरेकामुळे हे पर्व अनेकांना आवडत नाही आणि ती तक्रार रास्त आहे. तरी ही एक कल्पना पूर्ण मालिकेतील सर्वात धारदार कल्पनांपैकी आहे.

१८. जपानबाहेरचे जग मालिकेत दिसते का?

दिसते, चित्रपटांत. २०१५ च्या चित्रपटात आग्नेय आशियातील एका संघराज्याला सिबिल निर्यात केलेली आहे. तिथे स्वच्छ छटेच्या लोकांसाठी तरंगते शहर आहे आणि बाकीच्यांच्या गळ्यात छटा मोजणारे पट्टे आहेत. खुल्या निवडणुका घ्याव्यात ही अकानेची मागणी सिबिल मान्य करते, कारण लोक पुन्हा आपल्याच माणसाला निवडतील याची तिला खात्री असते. ‘सिनर्स ऑफ द सिस्टम’मधील तिसऱ्या कथेत कोगामी तिबेट-हिमालय परिसरात भटकताना भेटतो. ती कथा सूडाविषयी आहे आणि प्रश्न १६ मधील प्रसंगाचे ओझे त्याच्या मनावर कसे आहे, ते तिथे उलगडते.

१९. असे प्रत्यक्षात कुठे घडले आहे का? आपल्याकडे?

अंशतः घडले आहे. शिकागो पोलिसांनी पहिले पर्व प्रसारित होत होते त्याच सुमारास हिंसेत गुंतण्याची शक्यता असलेल्या व्यक्तींची गुणांकासह यादी तयार करायला घेतली. त्यात ० ते ५०० असे गुण दिले जात आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. लॉस एंजेलिस पोलिसांनी गुन्ह्यांच्या जागांचे भाकीत करणारी संगणकप्रणाली २०२० मध्ये वापरातून काढली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपीच्या धोक्याचा अंदाज सांगणाऱ्या आकड्याचा शिक्षा ठरवताना विचार करण्यास अटींसह मुभा दिली.

महाराष्ट्रातील वाचकांना त्यासाठी परदेशात जाण्याचीही गरज नाही. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला, पारधी, कैकाडी यांसारख्या समाजांना हजेरी सक्तीची झाली आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला आणि ‘विमुक्त’ हे नाव त्यातूनच आले. तरी चोरी झाली की पहिला संशय पारध्याच्या पालावर जाण्याची रीत कायद्यासोबत संपली नाही. पाच वर्षांच्या कागारीची गोष्ट आपल्या इतिहासात यंत्राशिवाय घडलेली आहे. मालिकेच्या निर्मात्यांसमोर हा इतिहास होता असे म्हणता येणार नाही, मात्र आपण ती पाहताना तो विसरता कामा नये.

तडीपारीचा उल्लेखही अनेक जण करतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ नुसार भविष्यातील उपद्रव टाळण्यासाठी एखाद्याला जिल्ह्याबाहेर काढता येते. परंतु तिथे नोटीस द्यावी लागते, म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि आदेशाविरुद्ध अपील करता येते. डॉमिनेटरसमोर उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीच मिळत नाही. हा फरक लहान मानू नये, अकाने ज्यासाठी झगडते तो हाच आहे.

२०. तिसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला अकाने कोठडीत का आहे?

तिसऱ्या पर्वाचे नायक अराता शिंदो आणि केई मिखाइल इग्नातोव्ह हे नवे इन्स्पेक्टर आहेत. अकाने तिथे थोडीच दिसते, तीही कैदेत, आणि कारण सांगितले जात नाही. ते ‘प्रॉव्हिडन्स’मध्ये कळते. सिबिल आहे तर वेगळ्या कायद्याची गरज काय, अशा विचाराने न्याय मंत्रालय आणि कायदेव्यवस्थाच मोडीत काढण्याची तयारी चाललेली असते. तेव्हा अकाने सर्वांसमोर प्रमुख कासेई यांना गोळी घालते. तिला ठाऊक असते की तो यांत्रिक देह आहे, पाहणाऱ्यांना मात्र तो खून दिसतो, आणि तरीही तिचा गुणांक वाढत नाही. इतक्या लोकांसमोर ‘खून’ करणाऱ्या व्यक्तीला सिबिल दोषी ठरवू शकत नाही, तर तिला शिक्षा कोण देणार? कायदाच. यंत्रणेतील छिद्र उघडे पडते, कायदा रद्द करण्याचा बेत अडतो आणि अकाने त्याच कायद्याखाली स्वतःला अटक करवून घेते. ‘फर्स्ट इन्स्पेक्टर’च्या शेवटी ती पुन्हा सार्वजनिक सुरक्षा विभागात परतते, या वेळी इन्स्पेक्टर म्हणून नव्हे, तर तिच्यासाठी मुद्दाम निर्माण केलेल्या विधी एन्फोर्सरच्या पदावर.